जलरंगातील बर्फ आणि आगगाडी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आगगाड्या आणि हिवाळी निसर्गदृश्ये जलरंग व शाईत कशी रंगवावीत, याविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. असा विषय मराठीत क्वचितच वाचायला मिळतो, म्हणून आनंद झाला. मात्र बर्फासाठी शेवटी पांढरा रंग लावावा आणि इंजिन काळ्या शाईने भरून काढावे, हा त्यातील सल्ला नवशिक्यांनी जसाच्या तसा उचलला, तर चित्रातून हिवाळाच नाहीसा होईल, असे मला वाटते.

पारदर्शक जलरंगात सर्वांत उजळ पांढरा म्हणजे कोरा कागद. त्यामुळे बर्फाचा उतार, डब्यांच्या टपावर साचलेला थर आणि इंजिनाची वाफ या जागा कुंचला भिजवण्यापूर्वीच ठरवून मोकळ्या राखाव्या लागतात. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी १८७५ मध्ये बर्फातील आगगाडी रंगवली ती तैलरंगात, त्यामुळे गडद थरावर फिकट थर चढवण्याची मुभा त्यांना होती. जलरंगात ती मिळवायची तर गॉशसारखा अपारदर्शक रंग घ्यावा लागतो, आणि तो शेजारच्या कोऱ्या कागदापुढे खडूसारखा निस्तेज दिसतो.

बर्फावरील सावल्यांसाठी लेखकाने केवळ राखाडी रंग सुचवला आहे. निरभ्र दिवशी जिथे थेट ऊन पोहोचत नाही तिथे आकाशाचा निळा उजेड पडतो, म्हणून पातळ केलेला कोबाल्ट किंवा अल्ट्रामरीन निळा तिथे अधिक खरा वाटतो. त्याच अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग मिसळल्यास इंजिनासाठी भरदार काळपट छटा मिळते, आणि सावल्यांतलाच निळा तिच्यात असल्यामुळे इंजिन भोवतालापासून तुटत नाही.

वाफेचा तर उल्लेखच नाही, आणि माझ्या मते खरी परीक्षा तिथेच असते. वाफ मुळात अदृश्य असते. आपल्याला दिसणारे पांढरे लोट म्हणजे ती निवून झालेले पाण्याचे सूक्ष्म थेंब. हवा जितकी गार, तितके हे लोट दाट होतात आणि अधिक वेळ रेंगाळतात. हिवाळ्यात ते अर्धे इंजिनसुद्धा झाकून टाकतात. कागद ओला असतानाच आकाशाचा रंग त्यांच्या कडेपर्यंत आणून सोडावा, म्हणजे कड आपोआप मऊ होते. चाके, दांडे आणि रूळ यांना शाईची रेघ हवीच, पण वाफेपाशी ती थांबली पाहिजे. वाफेला बाह्यरेषा काढली की ती घट्ट वस्तू वाटू लागते.

शाईबद्दलही ‘काळी शाई’ एवढेच म्हणून भागत नाही. लाखयुक्त शाई वाळल्यावर पाण्याने पसरत नाही, परंतु ती फाउंटन पेनात भरल्यास पेन चोंदते. तिच्यासाठी टाकच वापरावा. याउलट फाउंटन पेनची बहुतेक साधी शाई वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, देताच विरघळून बर्फ मळवते.

लेखमालेच्या पुढील भागात शाईचा प्रकार स्पष्ट नमूद करावा आणि सोबतची चित्रे शक्यतो रंगीत छापावीत, ही विनंती. कृष्णधवल छपाईत बर्फावरील फिकट निळ्या सावल्या दिसतच नाहीत.

आपला नम्र,
एक वाचक