मेंदूतील स्टेंट आणि परस्पर बंद केलेल्या गोळ्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

लकव्याची लक्षणे दिसताच साडेचार तासांच्या आत रुग्णालय गाठावे, ही सूचना आपण अनेकदा वाचतो; परंतु मेंदूची धमनी उघडी राहावी म्हणून तिच्यात बसवलेल्या स्टेंटमध्येच, म्हणजे तारेच्या जाळीदार नळीतच, पुन्हा गुठळी होऊ शकते, हे रुग्णाच्या घरच्यांनाही पुरेसे ठाऊक नसते.

माझ्या थोरल्या बंधूंना स्टेंट बसवून चार महिने झाले होते. दाढ काढायची म्हणून त्यांच्या अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गुठळी होऊ न देणाऱ्या दोन्ही गोळ्या आठवडाभर बंद ठेवण्यास सांगण्यात आले. स्टेंट बसवणाऱ्या डॉक्टरांना कोणीही विचारले नाही, आम्हीही नाही, ही सल कायमची आहे. सहाव्या दिवशी पहाटे उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. जिंतूरहून निघालो, वाटेत दोन ठिकाणी ‘इथे सोय नाही’ हे ऐकून छत्रपती संभाजीनगरला पोहोचेपर्यंत सहा तास उलटले होते.

एरवी जांघेतील धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन, तारेच्या जाळीत गुठळी अडकवून ती बाहेर ओढतात. मात्र जुन्या स्टेंटमध्ये ही जाळी त्याच्याच तारांत अडकण्याची किंवा स्टेंट सरकण्याची भीती असते. म्हणून डॉक्टरांनी गुठळी नळीने शोषून घेतली आणि ती पुन्हा धरू नये यासाठी प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) रोखणारे औषध शिरेतून दिले. बंधू आज चालतात, पण नातवंडांना हाक मारताना अडखळतात.

मोठ्या धमनीतील गुठळी काढण्याचा लाभ 2015 मधील चाचण्यांनी सिद्ध झाला आणि 2018 पासून, स्कॅनमध्ये मेंदूचा वाचवता येण्याजोगा भाग दिसत असल्यास, निवडक रुग्णांसाठी गुठळी काढण्याची मुदत चोवीस तासांपर्यंत मानली जाते. तेव्हा वेळ टळली असे समजून कोणीही रुग्णाला घरी ठेवू नये.

साधी दाढ काढताना होणारा रक्तस्राव बहुधा जागेवरच दाबून किंवा टाका घालून थांबवता येतो. त्यामुळे स्टेंट बसवलेल्या रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर ‘आम्हाला विचारल्याशिवाय या गोळ्या बंद करू नयेत’ हे वाक्य ठळक मराठीत, दूरध्वनी क्रमांकासह छापावे, अशी सर्व रुग्णालयांना विनंती आहे. तसेच मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांसाठी, मेंदूतील गुठळी काढण्याची सोय रात्री-अपरात्री नेमकी कोठे चालू असते, याची अद्ययावत यादी आरोग्य विभागाने जाहीर करावी आणि ती 108 रुग्णवाहिकांच्या कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचवावी.

आपला,
एक वाचक, जिंतूर (जि. परभणी)