उंदराचं औषध, कुत्र्याचं औषध

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

आमच्या वर्धा जिल्ह्यात दुकानात जाऊन कोणी ‘विष द्या’ म्हणत नाही. ‘उंदराचं औषध द्या’ म्हणतात. दुकानदारही औषधासारखीच पुडी बांधून देतो.

मागच्या दिवाळीनंतर भाव पडले होते म्हणून सोयाबीनचे कट्टे घरातच थप्पी लावून ठेवले. उंदरं झाली. मी निळसर वड्या आणून थप्पीमागे टाकल्या, आणि भुऱ्यानं त्यातल्या दोन-तीन खाल्ल्या. चूक माझी होती, ते आधीच सांगतो. भुऱ्या आमचा जागलीचा कुत्रा. रानडुकरं आणि रोही (नीलगाई) वावरातून हाकलायला रात्रभर माणूस ठेवायचा तर काय मजुरी पडते ते कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. तो हे काम शिळ्या भाकरीवर करत होता.

तीन दिवस तो धडधाकट फिरला. ‘पचवलं गड्यानं’ असं आम्ही म्हणालो. चौथ्या दिवशी कोठ्यात आडवा पडलेला दिसला. हिरड्या पांढऱ्याफटक, नाकातून रक्त, शी डांबरासारखी काळी.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘औषध कोणतं होतं?’ मी म्हणालो, ‘उंदराचं.’ वेष्टन केव्हाच उकिरड्यावर गेलं होतं. वडीचा रंग आणि गेलेले दिवस यांवरून त्यांनी अंदाज बांधला : ब्रोमॅडिओलोन. रक्त गोठायला ‘के’ जीवनसत्त्व लागतं आणि शरीर तेच ते फिरवून वापरतं. हे विष ती फिरवाफिरव बंद पाडतं. अंगात आधीचा साठा असतो, म्हणून जनावर दोन-तीन दिवस बरं दिसतं. याला उतारा आहे : जीवनसत्त्व के-१. लवकर सुरू केलं आणि तीन-चार आठवडे नेमानं दिलं तर कुत्रं वाचतं.

पण दवाखान्यात के-१ नव्हतं.

साहेब, हे काही परदेशातून मागवायचं औषध नाही. सरकारी दवाखान्यात बाळ जन्मलं की त्याला हेच इंजेक्शन देतात, १ मिलिग्रॅम. कुत्र्याला मात्र रोज किलोमागे अडीच ते पाच मिलिग्रॅम लागतं. भुऱ्या २० किलोचा, म्हणजे दिवसाला निदान ५०. बाळांच्या कुप्या फोडून हे कसं भागणार? एवढा उशीर झाल्यावर रक्तही चढवावं लागतं, आणि नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत तो टिकणार नव्हता. संध्याकाळी गेला.

दुसरं ‘औषध’ याहून वाईट. झिंक फॉस्फाईडची काळपट पूड, कणकेत तेल घालून गोळ्या करतात ती. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की तिचा फॉस्फिन वायू होतो आणि काही तासांत खेळ संपतो. त्यावर उतारा नाही. पोट धुणं, आम्ल मारणं, सलाईन, एवढंच हातात. आमच्याकडे अशा वेळी कुत्र्याला दूध-भाकरी चारतात. पोटात अन्न गेलं की आम्ल वाढतं, वायूही वाढतो. ओकारी काढली तर तिचा लसणासारखा वास माणसालाही बाधतो, म्हणून ते काम उघड्यावर करायचं. हे मला भुऱ्या गेल्यावर डॉक्टरांनी सांगितलं. त्याआधी गावात कुणीच सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

म्हणजे एका विषाला उतारा आहे, दुसऱ्याला नाही. एकात चार दिवस मिळतात, दुसऱ्यात चार तास. सगळं पुडीवरच्या नावावर अडतं, आणि आठवडी बाजारात ही पूड वर्तमानपत्राच्या कागदात सुटी मिळते. कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा आहे, उंदराचं विषही त्यातच येतं, आणि विनापरवाना सुटी विक्री त्यात बसत नाही. कीटकनाशकं कृषी खात्याकडे येतात हे मला ठाऊक आहे. या पत्राची प्रत तिकडेही धाडली आहे.

तुमच्याकडे मागणं एवढंच, की तालुक्याच्या प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात के-१ ची इंजेक्शनं आणि महिनाभर पुरतील एवढ्या गोळ्या असाव्यात. दाराबाहेर मराठीत पाटी लावा : ‘वेष्टन सोबत आणा. कुत्रं बरं दिसलं तरी त्याच दिवशी आणा.’ पाटीला फार खर्च येत नाही. दिवाळीला पुन्हा सोयाबीन घरात येईल, त्याच्या आत झालं तर बरं.

आपला,
वर्धा जिल्ह्यातील एक शेतकरी