आठव्या प्रश्नाबद्दल आभार

आदरणीय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

आपण माझ्या प्रोस्टेट ग्रंथीवर लेसर शस्त्रक्रिया केलीत, त्याला आता चार महिने होत आले. पूर्ण बरे वाटल्यावरच लिहायचे असे ठरवले होते, म्हणून उशीर झाला.

रात्री चार-पाच वेळा उठणे, धार बारीक होणे, लघवी करून आल्यावरही ती उरल्यासारखी वाटणे हे सारे मी ६८ वर्षांच्या वयाच्या खात्यावर टाकले होते. एका ठिकाणी 'या वयात एवढे चालायचेच' असे उत्तरही मिळाले होते. साखळीहून पणजीला बसने यायचे तर मी सकाळपासून पाण्याचा घोट घेत नसे.

आपण ती सात प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतलीत. ३५पैकी माझे गुण २२ झाले, म्हणजे त्रास तीव्र गटातला. मग त्या गुणांत न धरला जाणारा आठवा प्रश्न आपण स्वतः वाचलात: उरलेले आयुष्य लघवीची हीच स्थिती राहिली तर तुम्हाला कसे वाटेल? तरुण महिला डॉक्टरांसमोर मला शब्द फुटेना. आपण पेन खाली ठेवून थांबलात. अखेर माझी पत्नी म्हणाली, "दोन वर्षांत ह्यांनी पखवाजाची गवसणी काढलेली नाही." ते वाक्य आपण केसपेपरवर लिहून घेतलेत, हे मी विसरणार नाही.

पोट न चिरता करायचे उपाय आपण त्याच शांतपणे समजावलेत. छोट्या टाचण्या बसवून ग्रंथीचे भाग बाजूला ओढून धरणारे यूरोलिफ्ट आणि नऊ-नऊ सेकंद पाण्याची वाफ सोडून वाढलेला भाग आकसवणारे रेझूम मला सोपे वाटले होते; पण माझी ग्रंथी ९० ग्रॅमची, आणि हे उपाय साधारणपणे ८० ग्रॅमपर्यंतच्या ग्रंथीसाठी आहेत, हे आपण स्पष्ट सांगितलेत. होल्मियम लेसरने आतला वाढलेला भाग सोलून काढता येतो, त्याला ग्रंथीच्या आकाराची आडकाठी नसते आणि रक्तस्राव कमी होतो, म्हणून हृदयात स्टेंट असलेल्या मला आपण तो मार्ग सुचवलात. पुढे वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाण्याची आणि काही आठवडे खोकताना लघवी गळण्याची शक्यताही आपण आधीच, आम्हा दोघांसमोर, सांगितलीत. गळती मला खरोखरच पाच आठवडे झाली, परंतु ती अपेक्षित असल्यामुळे आम्ही घाबरलो नाही.

काढलेल्या भागाचा तपासणी अहवाल निर्धोक आला, तेव्हा आपण स्वतः फोन केलात. त्याबद्दल पत्नीचे आपल्याला वेगळे आभार.

त्या प्रश्नावलीच्या झेरॉक्स प्रती मी आमच्या भजनी मंडळात वाटल्या. दोघांनी त्या भरल्या असून येत्या सोमवारी मी त्यांना घेऊन आपल्याकडे येत आहे.

आपला कृतज्ञ,
साखळीचा एक पखवाजवादक