सेमिनरीतल्या आपल्या दोन कुटुंबांसाठी आवाहन

प्रिय बंधू-भगिनींनो,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

हे पत्र ईस्टरपूर्वीच निघायचं होतं. हिशेब जुळायला वेळ लागला, क्षमा असावी.

आपल्या मंडळीचा पहिला मुलगा सेमिनरीला, म्हणजे पाळक व्हायच्या शिक्षणाला, गेला तो यवतमाळला. युनियन बिब्लिकल सेमिनरी तेव्हा तिथे होती, पुण्याला बिबवेवाडीत आली १९८३ साली. त्याच्यासाठी महिला मंडळाच्या बाया रोज भाकरी थापायच्या आधी मूठभर ज्वारी बाजूला काढत. तो पत्र्याचा डबा अजून कपाटात आहे. पुढे एका हंगामाच्या सणाला एकच लाल भोपळा तीनदा लिलावात चढला. बोली लावणारा पैसे भरी आणि भोपळा परत टेबलावर ठेवी. शेवटी तो स्टँडजवळच्या शिंपीकाकांनी नेला, आणि एका विद्यार्थ्याची वर्षाची मेस निघाली. सिस्टरबाईंनी निवृत्तीनंतरची पहिली पेन्शन तशीच पाकिटात घालून दिली, नाव जाहीर करायचं नाही या अटीवर. (नाव सगळ्यांना ठाऊक आहेच.)

आज आपली दोन मुलं बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, धर्मशास्त्राची पदवी) करताहेत. दोघंही संसारी. एकाला दोन लेकरं, दुसऱ्याचं बाळ आठ महिन्यांचं. एकट्या मुलाचं वसतिगृहात भागतं. लग्न झालेल्याची नोकरी सुटते, पण घरभाडं, दूध, मुलांची शाळा सुटत नाही. बँकेचं शैक्षणिक कर्ज चार लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळतं, आणि विवाहिताला सहकर्जदार म्हणून बायकोही चालते. म्हणजे देवाचं पाचारण नवऱ्याला, सही दोघांची. हप्ता थकला तर सिबिल (कर्जफेडीची पत) तिचंही खराब. शिक्षण चालू असताना हप्ता नसतो, पण व्याज चढतच असतं. दर वर्षी ७५ हजार असे चार वर्षं घेतले, १० टक्के साधं व्याज धरलं, तर कोर्सनंतरचं हप्त्याच्या सुटीचं वर्ष संपेपर्यंत तीन लाखांचे चार लाख पाच हजार होतात. दहा वर्षं महिना सुमारे ५,३५० रुपये. आपण खेड्यातल्या पाळकाला काय देतो ते पंचांना माहीत आहे.

शिवाय बँकेच्या पैशात फी भागते, चूल नाही. मागच्या महिन्यात मी एकाच्या घरी गेलो होतो. सूनबाईंच्या गळ्यात काळी पोत होती, डोरलं नव्हतं. विचारावं लागलं नाही. फडताळात बचत गटाचं कार्ड होतं, तिच्या नावाचं, आठवड्याच्या हप्त्याचं. नवऱ्याच्या अर्जात ‘इतर कर्ज : नाही’ असं लिहिलंय, आणि ते खोटंही नाही. उद्या हाच मुलगा लहान गावची नेमणूक नको म्हणाला, तर त्याच्या विश्वासाला नावं ठेवू नका.

सभेत कुणी म्हणालं, रेव्हरंड (कवी ना. वा.) टिळकांनी कुठे पैशाचा विचार केला? टिळकांच्या हातात पैसा ठरत नसे हे खरं. पण त्याची झळ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी सोसली, हेही आपण नगरकरांनी लक्षात ठेवावं.

मागच्या वर्षी दोनशे पाकिटं वाटली, अकरा परत आली. त्याच महिन्यात संमेलनाच्या मंडपाला आठ दिवसांत पैसे जमले. मुंबई-पुण्याला स्थिरावलेल्यांना फोन केले, ‘बघतो’ म्हणाले. असो.

गरज एकूण १,८०,०००, जमा ४१,५००. ३० जूनपूर्वी हवेत, कारण आधी बचत गट आणि सोनं सोडवायचं, मग फी. रोख, चेक किंवा फोनवरून, खजिनदारांकडेच, पावती घ्यावी. महिना २०० दिले तरी चालतील, पण वर्षभर द्यावेत. धान्यही चालेल, डबा धुऊन ठेवला आहे. विद्यार्थ्यांच्या घरी परस्पर पैसे पाठवू नयेत, त्यांना संकोच होतो. हिशेब जुलैच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर.

पाकिटं दाराजवळच्या टेबलावर आहेत. गेल्या वर्षीचीच उरलेली, त्यामुळे वर जुनी तारीख दिसेल.

आपला,
सचिव, शिक्षण साहाय्य समिती