मनवाच्या औषधाविषयी

फोंडा, गोवा

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

चतुर्थीच्या गर्दीत तू विचारलेस की, जे मिथाइलफेनिडेट हे औषध दिल्यावर उंदीर सैरावैरा धावतात, तेच एडीएचडी (लक्ष न टिकणे, अतिचंचलता आणि उतावळेपणा ही लक्षणे असलेला विकार) असलेल्या मनवाला द्यावयाचे कसे? तुझी भीती मला रास्त वाटते, म्हणून सविस्तर लिहितो.

उंदीर धावतात ते मोठ्या मात्रेने. मेंदूतील मज्जापेशींतून बाहेर पडलेले डोपामाइन हे संदेशवाहक रसायन परत आत ओढून घेणारी जी प्रथिने असतात, त्यांना हे औषध अडवते. मात्र अल्प मात्रेत डोपामाइन आणि नॉरएड्रिनॅलिन हे तसेच दुसरे रसायन वाढतात ते मुख्यत्वे मेंदूच्या पुढच्या भागात, म्हणजे लक्ष टिकवणाऱ्या आणि उतावळेपणा आवरणाऱ्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये. व्यसनाशी ज्याचा निकटचा संबंध आहे त्या न्यूक्लियस अ‍ॅकम्बन्समध्ये ती वाढ पुष्कळच कमी असते. उंदरांवरील हा निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाला आणि माझ्या मते तुझ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे.

उंदराचे लक्ष मोजण्याची केंब्रिजमध्ये रुळलेली पद्धत मला फार आवडते. पेटीच्या भिंतीत पाच भोके असतात. एकात क्षणभर दिवा लागतो आणि उंदराने तिथेच नाक खुपसले तर त्याला साखरेची गोळी मिळते. दिवा हुकला तर लक्ष नव्हते, दिवा लागण्यापूर्वीच नाक खुपसले तर उतावळेपणा. 2000 मधील एका प्रयोगात डोपामाइनचे डी-1 ग्राहक (पेशींवरील, डोपामाइनचा संदेश टिपणारी एका प्रकारची प्रथिने) चेतवणारे द्रव्य थेट मेंदूच्या पुढच्या भागात सोडले, तेव्हा ज्यांचे लक्ष मुळात कमी होते ते उंदीर सुधारले. जे आधीच चांगले होते त्यांना लाभ झाला नाही. डोपामाइन अतोनात वाढले तरी तोच भाग नीट काम करीत नाही, म्हणूनच मात्रा हळूहळू वाढवतात.

परंतु उंदरांवर विसंबून निर्णय घेऊ नकोस. एडीएचडीसाठी सर्वाधिक वापरलेली उंदरांची जात 1963 मध्ये क्योटो येथे उच्च रक्तदाबाच्या अभ्यासासाठी तयार झाली, आणि जिच्याशी तिची तुलना करतात ती जात मुळातच मंद आहे. दोहोंतील फरकापैकी नेमका किती रोगाचा, हे कोण सांगणार? ज्या उंदरांत ते डोपामाइन ओढणारे प्रथिनच जनुकीय बदलाने काढून टाकले होते, तेही 1999 च्या प्रयोगात या औषधाने शांत झाले, आणि त्याचे श्रेय संशोधकांनी सेरोटोनिन या मेंदूतील आणखी एका रसायनाला दिले. मनवाच्या मेंदूत ते प्रथिन आहे, तेव्हा त्या उंदरावरून तिच्याविषयी काही ठरवता येत नाही. तिच्यासाठी खरा आधार मुलांवरील चाचण्यांचाच.

व्यसनाची धास्ती तरीही जात नसेल, तर बांबोळीच्या डॉक्टरांना अ‍ॅटोमोक्सेटिन या दुसऱ्या औषधाविषयी विचार. ते नॉरएड्रिनॅलिनचे पुनर्ग्रहण, म्हणजे ते परत पेशीत ओढले जाणे, रोखते. मेंदूच्या पुढच्या भागात डोपामाइन उचलण्याचे कामही बहुतांशी तीच यंत्रणा करीत असल्याने तिथे डोपामाइन वाढते, अ‍ॅकम्बन्समध्ये नाही. परिणाम दिसायला मात्र काही आठवडे लागतात, तेवढा धीर धरावा लागेल.

कोणतेही औषध सुरू करण्यापूर्वी तिचे वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब नोंदवून घे, आणि तिच्या वर्गशिक्षिकेकडून आजची स्थिती लेखी माग. महिन्याभराने तुलना करायला तीच उपयोगी पडेल. वहिनींनाही हे पत्र वाचायला दे, आणि त्यांच्या शंका असतील त्या मला कळव.

तुझा,
विनायक