फिरतं खुराडं रोज फिरलं पाहिजे

महोदय,

आपल्या परसबागेच्या पानावर फिरत्या खुराड्याचा नकाशा आला आणि तेव्हापासून तो कागद घडी करून खिशात घालून माझ्याकडे येणारे वाढले आहेत. मी सुतार आहे, खुराडी बांधतो, त्यामुळे धंद्याच्या अंगाने माझी तक्रार नाही. पण नकाशाखाली 'आठवड्यातून एकदा जागा बदलावी' असं छापलं आहे, ते मला पटलेलं नाही.

आठवडा फार झाला. तळ उघडा ठेवायचा, चाकं लावायची, ही सगळी खटपट कोंबड्यांना रोज ताजी जमीन मिळावी म्हणून असते. कोंबडी रात्रभर दांडीवर बसते आणि तिथेच शिटते. लागोपाठ चार-पाच रात्री त्याच पट्ट्यावर शीट पडली की नत्राच्या माऱ्याने खालचं गवत करपतं, आणि जे उरतं ते कोंबड्या उकरून टाकतात. शिवाय रक्ती हगवण आहेच. या रोगाची सूक्ष्म बीजं विष्ठेतून बाहेर पडतात, पण पडल्या पडल्या ती रोग देत नाहीत. ऊब आणि ओल मिळाली की साधारण एक-दोन दिवसांत ती तयार होतात. त्याआधीच खुराडं पुढे गेलेलं असलं तर कोंबड्यांच्या चोचीत ती कमी जातात. आठवडाभर एकाच जागी बसायचं असेल तर चाकांचा खर्च तरी कशाला?

लोक रोज हलवत नाहीत ते आळसाने नव्हे. खुराडंच जड असतं. आपण छापलेलं दुमजली आहे, चारही बाजूंनी जाड प्लायवुड, वर पत्रा. पाऊस प्यायलेलं प्लायवुड काय वजन धरतं ते ज्याने उचललंय त्यालाच विचारा. असं खुराडं हलवायला दोघं लागतात, आणि रोज सकाळी दुसऱ्याला हाक मारावी लागली की ते काम लवकरच बंद पडतं. म्हणून माझा गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न असतो, 'रोज ओढणार कोण?' येणारा गडी स्वतःच्या छातीवर हात ठेवतो. खोदून विचारलं की कळतं, ओढणार त्याची आई. मग रंग लावायच्या आधी मी त्या आईंनाच बोलावून दांडा हातात देतो. त्यांना एकटीने दहा पावलं नेता आलं नाही, तर लाकूड अजून कमी करायचं.

चार कोंबड्यांना ८ फूट लांब आणि ४ फूट रुंद पुरतं; दर कोंबडीमागे ८ चौरस फूट येतात. चौकटीला दोन इंची लाकूड बस्स. मात्र प्रत्येक बाजूला एक तिरपी पट्टी हवीच, नाहीतर रोजच्या ओढाताणीत चौकोन कलतो आणि दार लागेनासं होतं. खिळे ठोकू नका, हादऱ्याने ते हळूहळू बाहेर येतात, स्क्रू पिळा. झोपायचा कप्पा आणि अंड्यांचा खोका ही जड अंगं मागे, चाकांच्या बरोबर वर घ्या आणि दांडा पुढच्या टोकाला ठेवा. हातगाडीसारखंच आहे, वजन चाकावर आलं पाहिजे, मनगटावर नाही.

आता चाकं. ती कायमची खाली टेकलेली असली तर चौकट जमिनीला चिकटत नाही आणि फटीतून मुंगूस आत शिरतं. मी मागे लोखंडी लिव्हर बसवतो. तो दाबला की चाकं खाली उतरतात आणि मागची पट्टी दोन इंच वर येते, सोडला की खुराडं पुन्हा जमिनीवर बसतं. ही मागची पट्टीच सांभाळायची असते. पुढच्या कोंबड्या आपोआप चालू लागतात. एखादी मागे उकरत उभी असते आणि पट्टी येऊन तिच्या नडगीवर आदळते. म्हणून ओढताना नजर मागे ठेवावी. खाणं हलवण्याआधी घालू नये, रिकामं भांडं पुढच्या टोकाला ठेवून मग ओढावं. भुकेली कोंबडी मागे रेंगाळत नाही.

वजन वाचवायचं म्हणून जाळीत मात्र हात आखडू नका. ती षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळीच घ्या. रात्री कोंबड्या वरच्या कप्प्यात कोंडल्या तर त्याचा तळही जाळीचाच करा आणि हवेचे झरोके दांडीच्या वर ठेवा, नाहीतर सकाळी दार उघडताच अमोनियाने डोळे चुरचुरतात. हलकं खुराडं वाऱ्याने उलटतं, हेही खरं आहे. चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकून दोरीने बांधलं की झालं.

नकाशात खुराडं भाजीच्या दोन वाफ्यांमधून फिरताना दाखवलंय, तेही खटकलं. ताजी शीट आणि कच्ची खायची भाजी एकत्र नको. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत कच्चं खत घातल्यापासून काढणीपर्यंत १२० दिवसांचं अंतर सांगितलंय. खायचा भाग मातीला लागत नसेल तर ९० दिवसांचं. पीक निघाल्यावर मोकळ्या वाफ्यावर खुशाल फिरवा, उरलेले किडे आणि तणाचं बी कोंबड्या वेचून खातील.

नकाशा पुन्हा छापणार असाल तर त्यात खुराड्याचं एकूण वजन आणि चाकांची जागा दाखवा, आणि 'आठवड्यातून एकदा' खोडून 'रोज सकाळी' करा.

आपला,
खुराडी बांधणारा एक सुतार