विषय: इंक पॅड भरला म्हणून प्रिंटर बंद, पाचव्यांदा तक्रार

साहेब,

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा पाचवा कॉल ठेवला आणि लिहायला बसलेय. माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. तुमच्या इंक टँकवाल्या प्रिंटरचे लाइट मंगळवारपासून आळीपाळीने लुकलुकतायत आणि मेसेज येतोय की इंक पॅडचं आयुष्य संपलं. इंक पॅड म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको, पण तुमच्या माणसांना कोणीतरी सांगा.

आजचा मुलगा विचारतो, "मॅडम, स्टॅम्प पॅड का?" म्हटलं नाही रे दादा, हेड क्लीनिंगला, म्हणजे शाई सोडणारी बारीक छिद्रं साफ करताना, जी शाई वाया जाते ती खाली स्पंजसारख्या ज्या पॅडमध्ये मुरते ना, तो पॅड. होल्डवर टाकलं, अकरा मिनिटं तीच ट्यून. परत आला आणि म्हणतो, "तीनदा हेड क्लीनिंग करून बघा." वा! मोरी तुंबलीय, तर नळ सोडून बघा. म्हटलं, मशीन काहीच करू देत नाहीये, तर म्हणे, "घरात जेन्ट्स कोणी आहेत का? त्यांना फोन द्या, जरा टेक्निकल आहे." नऊ वर्षं दुकान मी चालवतेय, आमच्या मिस्टरांना प्रिंटरमध्ये कागद कुठून घालतात तेही माहीत नाही!

डिसेंबरमध्ये प्रिंटवर रेघा येत होत्या तेव्हा रोज हेड क्लीनिंग करा असं तुम्हीच सांगितलं होतं, मी केलं, ती सगळी शाई गेली कुठे? पॅडमध्येच ना. आणि पॅड खरंच किती भरलाय ते मशीनला दिसत नाही, आतला काउंटर अंदाजाने मोजतो आणि आकडा पूर्ण झाला की कुलूप. बरं, प्रिंट नको तर नको, स्कॅन का बंद? स्कॅनला शाई लागते का? ॲडमिशनचे दिवस आहेत, पोरं कागद घेऊन दारात उभी आहेत.

सर्व्हिस सेंटर म्हणतं मशीन शहरात आणून टाका, पंधरा दिवस लागतील, त्यापेक्षा एक्स्चेंज ऑफरमध्ये नवीन घ्या. फक्त पॅड बदलायचाय हो! तुमच्याच दुसऱ्या मॉडेलला मेंटेनन्स बॉक्स आहे, म्हणजे वाया गेलेल्या शाईचा सुटा डबा, गिऱ्हाईक स्वतः काढून नवीन बसवतं, मग आमच्या मॉडेलने काय घोडं मारलंय? बाजारात काउंटर रिसेट करून देणारे आहेत, पण पॅड न बदलता नुसता रिसेट मारला तर उद्या शाई टेबलावर येणार, एवढं मला कळतं. जेन्ट्स नसूनही.

सोमवारपर्यंत माणूस दुकानात पाठवा, पॅड बदला, काउंटर रिसेट करा, पैसे काय होतील ते आधी सांगा. नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकणार आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पहिला प्रिंटरही तुमचाच होता, सात वर्षं चालला, म्हणून हा घेतला. चुकलंच.

आणि फोन केलात तर मला करा, मिस्टरांना नको.